दुसरी पोळी

३ नोव्हेंबर, सोमवार

"मोठं झालं की जेवायचं नसतं ना गं, आई?"

तनया नऊ वर्षांची असताना म्हणाली होती. तिच्या ताटात गरम पोळी, तूप, गूळ. माझ्यासमोर नुसता ताकाचा पेला. सलिल हसला होता. मीही हसले होते. आज दवाखान्यात माझा रिपोर्ट हातात धरून बाकावर बसले होते, तर नेमकं हेच आठवलं. सात वर्षांनी!

साखर काठावर आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तीन महिने देते. वजन थोडं उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू करू. डाएट करा."

मी म्हटलं, "आमच्या घरात तो शब्द चालत नाही."

मग सांगावंच लागलं. मागच्या वर्षी तनया शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. पोरगी कितीतरी महिने जवळजवळ काही खात नव्हती आणि आम्हाला पत्ता नव्हता. आता आम्रपाली मॅडमकडे जाते, समुपदेशनाला. आता जेवते. हळूहळू, पण जेवते – आमच्याबरोबर, टेबलावर. मॅडमनी सांगितलंय, घरात वजनकाटा नको, कोणी कोणाच्या ताटावर बोलायचं नाही, आणि आईने डाएट तर अजिबात करायचं नाही. काटा मी त्याच दिवशी भंगारवाल्याला दिला. त्याने तिथेच, दारात, स्वतःचं वजन करून बघितलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून ठेवला. "बरं. मग डाएट करू नका. नुसतं लिहा. तोंडात जाईल ते. आकडे नकोत, कमी-जास्त नको, फक्त लिहा. बघू काय होतंय."

एवढं जमेल. तनया क्लासला गेली की लिहायचं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चहा, दोन खारी. जेवणात पोळी, फरसबी, आमटी-भात. रात्री पोळ्या, मुगाची उसळ.

बास? मग वजन हवेवर वाढलं का!

आठवून आठवून : फराळाच्या डब्याच्या तळाचे चकलीचे तुकडे. चकली नव्हे, तुकडे. तुकड्यांना कोण खाणं म्हणतं? ऑफिसात चारची भेळ. भाजी फोडणीला टाकताना शेंगदाणे. सलिलच्या डब्यात परत आलेली अर्धी पोळी – टाकायची कशी?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज शहाणपणा केला. रात्री दुसरी पोळी घेतली नाही.

तनयाने माझ्या ताटाकडे पाहिलं. मग स्वतःची दुसरी पोळी – घेतलेली! – उचलली आणि परत डब्यात ठेवली. डब्याचं झाकण नीट लावलं.

सलिलने माझ्याकडे बघितलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

मी दुसरी घेतली. तिने घेतली. मी भात थोडाच घेतला. तिनेही थोडाच. मी परत घेतला – तिनेही!

मी जेवते तेवढंच ती जेवते.

म्हणजे माझी साखर उतरायला माझं ताट कमी करायचं, तर तिचंही कमी होणार. ज्या पोरीला एकेक घास परत मिळवायला वर्ष गेलं तिचं.

सलिल भांडी पुसता पुसता म्हणाला, "तू गोळ्या घे सरळ." इतक्या सहज, जसं काही मीठ संपलंय, आणायचंय. पण बरोबरच आहे त्याचं. तशी वेळ आली तर घेईन. तिचं ताट की माझी साखर, यांत निवडायचं झालं तर निवडायला काही उरतच नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

आम्रपाली मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "तुम्ही नीट जेवा. ताटातलं कमी करू नका सध्या."

"आणि साखर?"

"ताटाबाहेर काही आहे का बघा."

फोन ठेवल्यावर या आठवड्याची पानं उलटली. ताटाबाहेर! सगळं तर ताटाबाहेरच आहे. कुकर उघडल्यावर मूठभर भात. ओट्याशी शेंगदाणे. फ्रिजचं दार उघडं ठेवून कालचा शिरा, पातेल्यातूनच. तनयाचं उरलेलं. सलिलचं उरलेलं. ऑफिसात काउंटरला टेकून भेळ, मग प्रुफं तपासता तपासता दुसऱ्या कोणाची तरी भेळ.

सगळं उभ्याने! बसून खाल्लेलं ते एवढंसंच. आणि मी त्या एवढ्याशावर डोळा ठेवून होते.

ठरलं. काहीही खाईन – चकलीसुद्धा, शिरासुद्धा. फक्त बशीत घेऊन, बसून. तनयाला दिसेल असं. टेबलावरचं एका शितानेही कमी करायचं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चकलीचे दोन तुकडे बशीत वाढून घेतले. टेबलाशी बसले. पाठ ताठ.

सलिल : "कोणी पाहुणे आलेत का?"

"आलेत. मी."

तनया हसली. मोठ्याने! मग माझ्या बशीतला एक तुकडा उचलून घेतलान् आणि गेली आत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बुधवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या प्रकाशनात खुर्च्या कमी, गठ्ठे जास्त. चार वाजता भेळ आली. मी गठ्ठे सरकवून खुर्ची ओढली, भेळ बशीत घेतली आणि बसले. सुदर्शन बघतच राहिला. तो आमचं वितरण बघतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे वाटतो.

"काय मॅडम, भेळ खायला खुर्ची? करारावर सही करायचीय का?"

"भेळेचा मान आहे तेवढा."

"मग पाटही मांडतो. रांगोळी काढू?"

पण खरं सांगायचं तर भेळेची चव आज पहिल्यांदा लागली. चिंच आधी येते, मिरची मागून. इतकी वर्षं खातेय, हे माहीतच नव्हतं. निम्मी झाल्यावर पुरे वाटलं. नुसतं वाटलं. कोणी अडवलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गंमत म्हणजे उठून बशी आणायचा कंटाळा येतो. शेंगदाण्यांसाठी कोण एवढं करणार! राहून जातात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

हेमाताईंचा फोन. सलिलची मोठी बहीण. "मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आज. तनयाचा उपवास असेल ना? दोन वर्षांपूर्वी किती मनापासून केले पोरीने!"

हो. मनापासूनच केले. गुरुवार झाले, मग चतुर्थी, मग शनिवार. ज्याने त्याने कौतुक केलं. एवढ्याशा मुलीला केवढी श्रद्धा! उपवास म्हटलं की आपल्याकडे कोणी पुढे विचारतच नाही. न जेवायला याहून चांगली जागा तिला कुठे मिळाली असती?

"यंदाही नाहीत, ताई."

"देवाचं असं मध्येच सोडू नये गं."

"देवाला मी समजावते."

मग म्हणाल्या, "तू आणि तुझा देव," आणि ठेवला.

रात्री भरीत, भाकरी, लोण्याचा गोळा. मी अजून पहिल्याच भाकरीवर होते आणि तनया म्हणाली, "भरीत आहे का अजून?"

मी न बघता पातेलं पुढे सरकवलं. बघितलं असतं तर रडले असते.

९ डिसेंबर, मंगळवार

वाईट दिवस. प्रूफमध्ये एक अख्खं पान तपासायचं राहिलं, पुस्तक छापून आलं, मालक सगळ्यांसमोर बोलले. घरी कोणी नव्हतं. ओट्याशी उभी राहून सलिलच्या ऑफिसातून आलेला केक खाल्ला. पुठ्ठ्याच्या खोक्यातून. हाताने. सगळा.

लिहिते आहे. बास.

१० डिसेंबर, बुधवार

पूर्वी अशा दिवसानंतर दुसरा दिवस नुसत्या ताकावर काढायचे. शिक्षा. आज सकाळी पोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर, लिंबाची फोड. बसून खाल्ले. आकाश काही कोसळलं नाही! इतकं हलकं वाटलं की ऑफिसला जाताना दोन स्टॉप आधी उतरून चालत गेले, उगाच.

२८ डिसेंबर, रविवार

पंजाबी ड्रेस खांद्यावरून सैल पडतोय. बाजूने आत शिवून घेतला नाही. वर ओढणी घेते. तनयाच्या लक्षात यायला नको.

१४ जानेवारी, बुधवार

गुळाची पोळी. अख्खी. तुपात बुडवून. बसून!

२४ जानेवारी, शनिवार

हेमाताईंकडे हळदीकुंकू, कसब्यात. तनया तिळगूळ वाटत होती, नवी कोरी साडी, केसांत गजरा. छान दिसत होती. तसं तिला म्हणायचं नसतं, म्हणून गजऱ्याला म्हटलं.

हेमाताई आतून आल्या, मला दोन्ही खांद्यांना धरून वळवलं आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात – "अगं, केवढी उतरलीस! डाएट ना? आम्हालाही सांग की!"

बायका गोळा झाल्या. सकाळी कोमट पाणी का? रात्रीचं जेवण बंद का? मी नाही नाही म्हणत होते. तनयाने तिळगुळाचं तबक कोपऱ्यात ठेवलं. माझ्याकडे एकदाच बघितलं. मग चपला घालून खाली जाऊन उभी राहिली.

घरी ताट वाढून घेतलं नाही तिने. "भूक नाहीये."

हेच दोन शब्द. वर्षभर ऐकले होते.

२५ जानेवारी, रविवार

सकाळीही नुसता चहा. मी तिच्या खोलीत गेले. पलंगावर तोंड फिरवून पडली होती.

"डाएट नाही करत मी," म्हटलं.

"आई, प्लीज."

"साखर काठावर आहे माझी. रिपोर्ट आहे. तुला सांगितलं नाही कारण घाबरले होते. तू माझं बघून परत..."

उठून बसली. "दाखव."

आणून दिला. तिने ओळीवर बोट ठेवत वाचला, परीक्षेच्या पेपरसारखा. "आणि काय खाणं बंद केलंस?"

"काहीच नाही. उभ्याने खाणं सोडलं."

"म्हणजे?"

सांगितलं. कुकरमधला भात, शेंगदाणे, पातेल्यातला शिरा, भेळेची खुर्ची. तुझ्यासमोर जेवले ते सगळं खरं होतं म्हटलं, एक घासही खोटा नव्हता. ती ऐकत होती. भुवया आक्रसलेल्या. मग म्हणाली, "केक तू संपवलास! बाबाला वाटलं मी. तो किती खूश झाला होता!"

दोघीही हसत सुटलो. मला थांबताच येईना.

मग तिने हात धुतले. टेबलाशी येऊन बसली. "वाढ."

३ फेब्रुवारी, मंगळवार

तपासणी. तनया बरोबर आली, मी नको म्हणत असताना. साखर खाली आली आहे. गोळ्या नकोत. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा पाहिला. "काय केलंत?"

"बसून खाल्लं."

"एवढंच?"

"भांडी जास्त पडतात," तनया म्हणाली. "बशा मला घासाव्या लागतात."

बाहेर आलो तर ऊन चढलं होतं. मला इतकं मोकळं वाटत होतं की कोपऱ्यावर उसाचा रस घ्यावासा वाटला. अर्धा-अर्धा घेतला. बाकावर बसून, अर्थात.

४ फेब्रुवारी, बुधवार

काल रिक्षात तनया म्हणाली, "एक सांगू? चिडू नकोस. मला दुसरी पोळी बहुतेक वेळा नकोच असायची."

"मग घेत का होतीस?"

"तू घ्यावीस म्हणून. तू सोडलीस की मीही ठेवायचे. मी ठेवली की तू घेतेसच, मला माहितीये." बाहेर बघत होती. "दिवाळीनंतर वाटलं, तू परत ते ताकाचं सुरू केलंस. म्हटलं, मी एकटीनेच बरं होऊन काय करू?"

उरलेल्या रस्त्यात तिचा हात धरून बसले.

आज संध्याकाळी कणीक मळण्याआधी विचारणार आहे. नाहीच म्हणेल. तुझा काय भरवसा, म्हणेल. तरी विचारणार – तनया, आज माझ्या ताटाकडे न बघता जेवशील का?