अमेरिकेतली झांज

२१ जून १९९३, साक्री

आमच्या बँडचे मालक चुडामणभाऊंनी धुळ्याहून कॅसिओ आणला! टॉवेलाखाली नव्या नवरीसारखा झाकून ठेवलाय. फुंकायला नको, बडवायला नको – बोट ठेवलं की वाजतो. छनछनसुद्धा करतो. भाऊ म्हणाले, "गणपतीपासून एक माणूस कमी." बघत होते झिपरूकडे.

झांजेवाल्याला विचारतो कोण! पण माझा सॅक्सोफोन बेसूर झाला की हाच जोरात झांज हाणून झाकून नेतो. तो गेला तर माझी अब्रू गेली.

२३ जून

पेपरात बातमी – अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जाझ वादकांना घरी बोलावून त्यांचा गौरव केला. बँडच्या दुकानात पेपर मीच वाचून दाखवतो. जीभ घसरली म्हणा, घसरवली म्हणा – "झांज वादकांचा गौरव!" फोटोत एक जण चक्क सॅक्सोफोन घेऊन उभा. तेवढा भाग आत दुमडला.

झिपरूनं झांज खाली ठेवून मला विचारलं, "भाऊ, त्या उभा राहीसन वाजाडतस, का बशीसन?"

"उभ्यानंच!"

चुडामणभाऊ तंबाखू मळायचे थांबले.

२४ जून

गावभर झालं! हसून हसून पोट दुखतंय.

२७ जून

मारुतीच्या पारावर झिपरूचा सत्कार! शाल, नारळ. सरपंच म्हणाले, "अमेरिकाले समजनं, ते आपले नही समजनं!" टाळ्या. झिपरूची बायको बेबाबाई पदरानं डोळे पुसत होती. सगळा माझा चावटपणा, पण मलाच भरून आलं. वाचला गडी!

२९ जून

गडी जरा जास्तच वाचलाय. झांज आता मखमली कापडात गुंडाळून आणतो. आज मला म्हणतो, "तूबी जीव लाईसन वाजाडत जाय." मला!

१ जुलै

चुडामणभाऊंनी बोलावलं. कॅसिओवर बोट ठेवलं – हुबेहूब सॅक्सोफोन. आणि बेसूर नाही.

"झिपरूले आते कसा काढू? बठ्ठं गाव माले हसी. तुना बाजा तं या पेटीमा निंघस."

पेपर खिशातच होता. दुमडलेला फोटो उलगडून दाखवणार, तोच दाराकडे लक्ष गेलं. झिपरू तिथं बसून शालीच्या टोकानं झांज पुसत होता. पेपर तसाच खिशात ठेवला.