खुर्ची, मी आणि आंबागडची मंडई

१ सप्टेंबर २०१३, रविवार. सकाळी.

आजपासून कुणाचाही तिरस्कार करायचा नाही. कलावंताचं मन स्वच्छ पाहिजे, असं नागपूरच्या नाट्यशिबिरात सरांनी सांगितलं होतं. शिबिर पंधरा दिवसांचं होतं. मी अर्ध्यातून आलो, पण जे घ्यायचं ते तोवर घेऊन झालं होतं.

तुमसरात राहून हे अवघड आहे. या गावाला धान कळतो, कोंडा कळतो आणि दोन्हींचा भाव कळतो. नाटक म्हटलं की यांना झाडीपट्टीचंच नाटक पाहिजे. सासू, सून, दारुडा नवरा, मधे गाणं, मग कॉमेडी, शेवटी पोलीस. तोवर उजाडतं. रात्रभर चालतं, कारण त्या लोकांना एडिटिंग येत नाही. नट संवाद विसरला की समोरच्या खड्ड्यातून प्रॉम्प्टर ओरडतो आणि ते शेवटच्या रांगेला नटाच्या आधी ऐकू येतं.

हा तिरस्कार नाही. निरीक्षण आहे.

ठराव: आपल्या कापड दुकानाच्या वरच्या खोलीत, लुगड्यांचे गठ्ठे बाजूला सारून, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नव्या लेखनाची चाचणी. नाव 'कोरी संध्याकाळ'. जिल्ह्यातल्या सगळ्या नवीन लेखकांना खुलं व्यासपीठ. सध्या नवीन लेखक मीच आहे.

७ सप्टेंबर, शनिवार. रात्री.

पहिली चाचणी. नाटक माझं: 'खुर्ची आणि मी'. लांबी चाळीस मिनिटं. मी खुर्चीवर बसतो. बोलत नाही. माझी बायको रुचिका प्रेक्षकांकडे पाठ करून उभी असते. मित्र अंकुश हा काळ आहे, तो न पेटवलेला कंदील घेऊन मागून हळूहळू जातो. शेवटी रुचिका एकच शब्द म्हणते, "नाही." अंधार.

अंकुश राइस मिलमध्ये कामाला आहे. मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. म्हणून त्याला संवादच ठेवला नाही. रुचिकाला तोंड दाखवू देत नाही, कारण तिचा चेहरा फार बोलका आहे. शोकांतिकेत लोक तिच्याकडे बघून हसायला लागतात.

नियम आधीच सांगितले होते. टाळ्या नाहीत, चणे नाहीत, लेकरं नाहीत. तिन्ही गोष्टी झाल्या. टाळ्या लाइट गेली तेव्हा पडल्या. दोन बाया खाली साड्या बघायला आल्या होत्या, त्यांना वरही साड्याच आहेत असं वाटलं. त्या शेवटपर्यंत बसल्या. म्हणजे नाटकानं बांधून ठेवलं.

८ सप्टेंबर. दुपारी.

बाबूजींशी वाजलं. सेवकराम म्हणजे आमच्या वडिलांना कापडातलं सगळं कळतं. बोटाला लागलं की सूत कुठलं ते सांगतात. नाटकातलं मात्र काही कळत नाही आणि त्याची त्यांना लाजही नाही. म्हणाले, चार वर्षं पाहून राहिलो, गादीवर मी एकटा आणि तू वर खुर्चीवर. मग अट घातली. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, त्या सीझनमध्ये एका तरी गावानं तुझं नाटक दुसऱ्यांदा मागितलं, तर मी तुला पुन्हा दुकानात ये म्हणणार नाही. नाही मागितलं तर गुमान गादीवर बसायचं, जन्मभर.

मी हसून हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला हरवायला जिवावर येतं, पण इलाज नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार.

दुसरी चाचणी. नाटक आणखी घट्ट केलं. कंदील काढणार होतो, पण अंकुश म्हणाला की मग मी चाललो कायले ते कोणाले समजणार? म्हटलं, तुले समजलं नाही तरी चालते, प्रेक्षकांना समजतं. रागात माझ्या तोंडातून ही भाषा निघते. सुधारायचं.

रुचिकाची सूचना: मधे एखादं गाणं टाकावं. ती नाकाडोंगरीची. माहेरी दर वर्षी पोरापोरींचं नाटक बसायचं, त्यात ही लहानपणापासून. ते सगळं अंगातून काढायला मला पाच वर्षं लागली आणि अजून निघालं नाही.

पण आज चमत्कार झाला. आंबागडचे तुलारामजी खाली शाली घ्यायला आले होते. त्यांच्या गावच्या मंडईत पाहुण्यांच्या सत्कारासाठी. ते मंडई कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी ठरवलेली नाटक कंपनी ऐन वेळी दुसऱ्या गावाला गेली, म्हणून डोकं धरून बसले होते. बाबूजींनी, मला वाटतं टोमणा म्हणून, वर बोट दाखवलं. तुलारामजी वर आले, दाराशी पाच मिनिटं उभे राहिले आणि १० नोव्हेंबरला आमच्याकडे या म्हणाले.

नाटक किती वेळाचं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. रसिक माणूस. शहरातला पहिला प्रश्न तोच असतो.

१९ ऑक्टोबर.

तुलारामजींनी पोस्टरसाठी नावं पाठवली. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलन, विशेष उपस्थिती. अर्धं गाव पोस्टरवर, उरलेलं अर्धं समोर बसणार. मी फोन करून स्पष्ट सांगितलं की भाषण एकही होणार नाही, पडदा उघडेल तो थेट नाटकावर. ते म्हणाले, उद्घाटक तरी ठेवा भाऊ, गावात बरं दिसत नाही. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

हो म्हणाले. अडाणी माणसाशी ठाम बोललं की ऐकतो.

३ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.

अंकुश विचारत होता की चाळीस मिनिटांनंतर काय. म्हटलं, नंतर शांतता. त्यानं रुचिकाकडे पाहिलं. रुचिका म्हणाली की मंडईत नाटक सकाळपर्यंत लागतं. मी तिला समजावून सांगितलं की तेच तर आपण मोडायला चाललो. ती काहीतरी सांगत होती, पण माझं व्याख्यान संपेपर्यंत तिचा चिवडा करपायला आला.

तालमी बंद. शांततेची तालीम घेतली की ती शिळी होते.

११ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी चार.

आत्ता उठलो. कालचं सगळं नीट लिहून ठेवतो, पुढे संशोधकांना उपयोगी पडेल.

आंबागडला पोचलो तेव्हा मंडई उठत होती. पाळणे, बांगड्या, जिलेबी, सगळीकडे धूळ. प्रत्येक घरासमोर मोटारसायकली. लेकी-जावई, व्याही, साळे, साळ्यांचे मित्र. मंडपात माणूस मावत नव्हता. नागपूरच्या कोणत्या प्रायोगिकला एवढी गर्दी होते?

पडदा उघडला. मी खुर्चीवर. मंडप चिडीचूप. मी आतून थरारलो. मग एक कार्यकर्ता स्टेजवर आला आणि माझ्या शेजारी आणखी दोन खुर्च्या ठेवून गेला. मग पाण्याची बाटली. मी हललो नाही. नटाची कसोटी असते ती. थोड्या वेळानं स्वतः तुलारामजी आले, हात जोडले, माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि हातात नारळ दिला. सगळ्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. नाटक चालू असताना मधेच नटाचा सत्कार. असं मी ऐकलंही नव्हतं. डोळे भरून आले, पण भूमिका सोडली नाही.

अंकुश कंदील घेऊन गेला तेव्हा कुणीतरी त्याला बॅटरी दिली. रुचिकानं "नाही" म्हटलं. अंधार. मी उठून वाकलो.

तुलारामजी विंगेत आले आणि म्हणाले, "चाला भाऊ, आता चालू करा."

मी म्हटलं, "झालं."

"काय झालं?"

मी त्यांना प्रायोगिक रंगभूमीबद्दल थोडक्यात सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझा हात धरून म्हणाले, "धनंजयभाऊ, घरोघरी पावणे भरले आहेत. घरात बाया-लेकरं निजली, पाय ठेवाले जागा नाही. एवढी मानसं सकाळपावेतो जातीन कुठं?"

म्हणजे हे लोक रात्रभर नाटक बघतात ते झोपायला जागा नाही म्हणून. मला हे आधी कुणी सांगितलं नाही. ज्या रंगभूमीचा पाया गाद्यांची टंचाई आहे, तिच्याशी माझं काही देणंघेणं नाही. मी तसं बोललो आणि आमच्या टेम्पोत जाऊन बसलो. ओढायला ती शाल होतीच.

पुढचं मी पाहिलं नाही. ऐकलं. रुचिका आणि अंकुश स्टेजवर गेले. म्हणे, तिथल्या तिथं ठरवलं. ती झाली मंडईला न बोलावता आलेली आत्या, तो झाला खाट लपवणारा भाचजावई. सगळी रात्र ती खाट शोधते आहे आणि तो खाट घेऊन गावभर पळतो आहे. मधे मधे गाणी. गावातला पेटीवाला येऊन बसला. मला टेम्पोत नुसता हसण्याचा आवाज येत होता, लाट आल्यासारखा, थांबायचं नाव नाही. माझं नाटक पचायला वेळ लागतो, त्यातून सुटका झाली की माणूस असाच हसतो. शिबिरात हे शिकवलं होतं.

सकाळी अंकुशचा आवाज बसला होता. रुचिकाच्या पायात गोळे आले होते. दोघं फार खूश दिसत होते. थकल्यावर माणसाला भान राहत नाही.

१३ नोव्हेंबर.

बाबूजींना सत्काराचं सांगितलं. त्यांनी शालीचा काठ बोटांत धरून पाहिला आणि म्हणाले की आपलीच आहे. एवढंच. अटीची आठवण करून दिली नाही. मीही नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार.

फोन नाही. आंबागडला रेंज नसते. मंडया संपत आल्या. रुचिकाला दोनदा विचारलं की तिच्या फोनवर कुणाचा आला का. ती म्हणाली, तुमाले आला तर सांगा. उद्धटपणा स्टेजवर गेला की वाढतो.

खरं लिहायचं तर गादीवर बसलेला मी मला दिसतो. ढेरी सुटलेली, गज हातात.

२८ नोव्हेंबर. सकाळी अकरा.

आला. तुलारामजींचा फोन. सीझनची शेवटची मंडई नाकाडोंगरीची आहे, तिथल्या लोकांनी आंबागडचं नाटक पाहिलं आणि तेच पाहिजे म्हणून हट्ट धरला. मी मुद्दाम विचारलं, तेच ना? तेच, भाऊ, अगदी तेच, एक शब्द इकडचा तिकडं नाही पाहिजे.

एका शब्दाचंच तर नाटक आहे. माणसानं मर्म पकडलं.

खाली उतरलो आणि गिऱ्हाइकांसमोर बाबूजींना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, मी बोललो ते बोललो. नंतर आतून मला पेढा पाठवला. हरलेल्या माणसाचा चेहरा बघवत नाही, म्हणून मी लगेच वर आलो. ठराव: आता नागपूर. मग पुणे. रुचिकाची पाठ बदलावी लागेल, जास्त बोलकी झाली आहे.

तिला सांगितलं तर ती काही सांगणार होती, पण माझ्या तोंडाकडे बघून खाली गेली.

१ डिसेंबर, रविवार.

नाकाडोंगरीची माणसं घेऊन तुलारामजी दुकानात आले. बाबूजी गादीवर. मी खुर्ची घेऊन मधे बसलो. चहा झाला. मग तुलारामजींनी विचारलं, वहिनी कुठं आहेत? मी म्हटलं, बोला, दिग्दर्शक मी आहे. ते म्हणाले, आत्याच्या नाटकाचं बोलायचं होतं, खाटेच्या.

मी म्हटलं, आधी 'खुर्ची आणि मी' होईल, मग वाटल्यास ते दुसरं.

तुलारामजी फार अदबीनं म्हणाले, "तुमी कष्ट नोका घेऊ, भाऊ. या खेपेस उद्घाटक त्यायच्याच गावचा आहे."

मी बाबूजींकडे पाहिलं नाही. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही, ही त्यांची भलाई. हसले असते तर भांडता आलं असतं. मी उठून वर गेलो, गठ्ठ्यांवर पडलो आणि रडलो. कारण लिहायची गरज नाही.

संध्याकाळी रुचिका वर आली. म्हणाली, त्या दिवशीच सांगणार होते, पण तुमचा चेहरा एवढा फुलला होता की जीभ उचलली नाही. मग म्हणाली की नाटकात एक पाहुणा वाढवला आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत घोंगडी घेऊन जमिनीवर झोपलेला. संवाद नाही. येता का?

तत्त्वाचा प्रश्न आहे. विचार करतो म्हटलं. तशी भूमिकेला खोली आहे.

९ डिसेंबर, सोमवार. दुकानात.

काल नाकाडोंगरीला पाहुणा केला. माझी तयारी पक्की होती. झोप हे मौनाचं शेवटचं टोक, ते प्रेक्षकांना श्वासातून द्यायचं. पहिला प्रवेश मला चांगला आठवतो.

मग सकाळ होती. मंडपात सगळीकडे पाहुणे पडले होते, स्टेजवरही, माझ्या अंगाला लागून. रुचिका बाजूला चहा पीत बसली होती. मी विचारलं, कसं झालं?

ती म्हणाली, "तुमच्या घोरण्यावर वन्स मोअर आला. दोन वेळा."

मी म्हटलं, तो अभिनय होता.

रुचिकानं माझ्या केसातली तणसाची काडी काढली आणि माझा कप भरला. नाकाडोंगरीवाल्यांनी पुढच्या मंडईचं आत्ताच सांगून ठेवलं आहे. तिघांनाही बोलावलं.

दहाला दुकान उघडून गादीवर बसलो. बाबूजी आज घरीच राहिले. सकाळपासून दोन चादरी गेल्या आणि एक बाई रंग पसंत नाही म्हणून परत गेली.