डोकं दुखायची वाट

प्रिय दीपाताई,

लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस टाळलं. फोन केला असता तर तू पहिल्याच वाक्याला “आता कुठं उलथलायस?” विचारलं असतंस आणि मी हसण्यावारी नेलं असतं. म्हणून कागद. पुण्यातच आहे गं, कसबा पेठेत, आईच्या ओळखीच्या यमुनाबाईंच्या माडीवर.

छातीला वायरी चिकटवल्यात, कमरेला डबी आहे. उद्या सकाळपर्यंत ती हृदयातली वीज टिपत बसणार. झालं असं की गोकर्णला डोकं ठणकत असताना मी उभ्या उभ्या कोसळलो. एका कुत्र्यानं तोंड चाटून उठवलं. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मायग्रेन चालू असताना काहींच्या हृदयाची लय बदलते, एका ठोक्यानंतर परत तयार व्हायला त्याला जास्त वेळ लागतो. बहुतेकांचं त्यानं काही बिघडत नाही. पण मी कोसळलो होतो, आणि आईचंही मी त्यांना सांगितलं. एरवी माझा कार्डिओग्राम अगदी शहाण्या मुलासारखा येतो. म्हणजे डोकं आजच दुखायला हवं, डबी अंगावर आहे तोवर.

आणि दुखेना गं! सकाळपासून उपाशी आहे. भर उन्हात हिंडलो. शेवटी तांबट आळीत हातोड्यांच्या दणदणाटात जाऊन बसलो. तात्याराव म्हणून एक म्हातारे तांबट आहेत. म्हणाले, “काही घ्यायचंय, का फुकट ऐकायला आलात?” म्हटलं, डोकं दुखवून घ्यायचंय. तर म्हणतात, “बसा मग. हमी नाही, प्रयत्न करतो.” काही उपयोग झाला नाही. रडायलाच आलं मला तिथं.

आई कपाळाला फडकं बांधून अंधारात पडायची, आठवतं? अण्णा येऊन खटकन ट्यूब लावायचे. “नाटकं पुरेत.” मग एका सकाळी ती उठलीच नाही. लोक म्हणाले, हार्ट. डोक्याचं कुणी नावही काढलं नाही.

दिवाळीत तुझ्याकडं आलो तेव्हा तू स्वयंपाकघरात कपाळाला ओढणी आवळून उभी होतीस. मला बघून पटकन सोडलीस, म्हणालीस, ऊन लागलं. ताई, तेव्हा संध्याकाळ होती. हे पत्र त्यासाठी आहे. माझ्या डबीत काही निघो न निघो, तुझं डोकं दुखेल तेव्हा तशीच उठ आणि कार्डिओग्राम काढ. बरं वाटल्यावर जाऊ नकोस, तेव्हा काही दिसत नाही. आई गेली तशी तू गेलीस तर मी कुणाकडं परत येऊ?

थांब. डावीकडं ती चकाकणारी नागमोडी रेघ आली, डोकं दुखायच्या आधी दिसते ती. अक्षरं अर्धी दिसतायत. आली गं, आली! डबीचं बटण दाबलं. जिन्यात चपला वाजतायत.

अण्णा आलेत. मी घर सोडल्यापासून पहिल्यांदाच. यमुनाबाईंनी कळवलं असणार. दारात धापा टाकत उभे आहेत, वायरींकडं बघतायत. भिंतीवर हात चाचपला आणि ट्यूब बंद केली.

अंधारातच सही करतोय.

तुझाच,
राकेश