डोळे उघडायचे राहिलेत

चंद्रपूर

प्रिय रीता,

फोनवर तू "नंतर बोलते गं" म्हणून ठेवतेस, आणि मेसेजवर नुसत्या निळ्या खुणा उमटतात. म्हणून आज कागद घेतला. कॉलेजात माझ्या अक्षराला तू मुंग्यांची वरात म्हणायचीस. ती वरात पुण्यापर्यंत पाठवते आहे, सोसून घे.

तुझ्या बाबांना जाऊन महिना होत आला. तू आली नाहीस. काऊन, ते विचारत नाही. तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. तुला वाटतं, ते शेवटपर्यंत तुझ्यावर रागावलेले होते आणि तुझं तोंड बघायची त्यांची इच्छा नव्हती. तेरवीला मी गेले होते. पाटावर ठेवायला धड फोटो नव्हता. आधार कार्डावरच्या फोटोत ते कोणी परकेच दिसतात. शेवटी तुझ्या आईनं, प्रेमिलाकाकूंनी, पाटावर त्यांचं वल्हं ठेवलं आणि त्यालाच हार घातला. तुझा भाऊ मिथुन पाहुण्यांना वाढत राहिला. रडले ती मीच, पाहुणी असून.

माझं विचारशील तर बरं चाललंय. लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणार होते ना मी? सध्या नूर चाचांच्या फोटो स्टुडिओत मेलेल्यांना जागं करते. हसू नकोस, पुढे सांगते.

आठवतं, मॅडमनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, इलस्ट्रेशन शिकून पोट भरायचं असेल तर जिवंत माणसं समोर बसवून काढा, फोटोवरून नक्कल करणाऱ्याला बाहेर कुत्रं विचारत नाही. झालं, शनिवार आला की आपण दोघी एसटीनं मार्कंड्याच्या अलीकडे, तुमच्या गावी. तिथं तरी स्थिर कोण बसणार? काकू तांदूळ निवडता निवडता उठायच्या, मिथुन तर अंगात वारं भरल्यासारखा. एकटे बाबाच आपल्या कामाचे. रात्रभर वैनगंगेत जाळं टाकून आलेला माणूस, दुपारी ओसरीवर आडवा झाला की घोरायला लागायचा. नाकावर माशी बसली तरी हलायचे नाहीत. असा मॉडेल मुंबईच्या कॉलेजातही मिळायचा नाही, म्हणायचीस तू. जाग आली की एकच डोळा किलकिला करून विचारायचे, "झाला काय वो पोरीहो माया फोटू?" मग काकू मला काटे काढून मासा वाढायच्या, कारण मला काटे काढता येत नाहीत यावर त्यांचा ठाम विश्वास होता. अजूनही आहे.

शेवटच्या वर्षी प्रदर्शनात तू तेच चित्र मोठं करून लावलंस. कोळशात काढलेले, झोपलेले बाबा. मॅडम म्हणाल्या होत्या, एवढं एक दाखवलंस तरी नोकरी मिळेल, आणि मिळालीच. बाबा नवा सदरा घालून आले होते. चित्रापुढे उभे राहिले आणि त्यांचा चेहराच उतरला. सगळ्यांदेखत म्हणाले, "मी मेलो काय वो रिते? जित्या मानसाले कोनी असा भितीले टांगते काय?" पोरं हसली. आणि तू त्या हसणाऱ्यांकडे बघत बोललीस, "तुमाले यातला काई समजत नाई, बाबा. जा तुमी घरी." ते चहासुद्धा न घेता एसटीत जाऊन बसले. पुढे पंधरा दिवसांत तू पुण्याला निघून गेलीस, चित्र घराच्या दाराशी टेकवून.

स्टुडिओत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात धानोऱ्याकडची एक बाई आली. मोबाइलवर नवऱ्याचा फोटो होता, तिरडीवरचा. जिवंतपणी काढायचा राहून गेला होता. म्हणाली, "याचे डोरे उघडून दे वो बाई, मंग घरी लावतो." तेव्हापासून माझं तेच काम. मिटलेल्या पापण्या पुसायच्या, माणूस हसरा होता की तापट ते विचारायचं आणि बुबुळं बसवायची. पहिले काही दिवस मला घरी जेवण जात नव्हतं. मग एकदा काम करता करता बाबांचं ते वाक्य आठवलं. आपल्या इकडे मिटल्या डोळ्यांचा फोटो असतो तो मेलेल्याचा, आणि तोही डोळे उघडल्याशिवाय कोणी भिंतीला लावत नाही. बाबांना चित्र समजलं नव्हतं असं नाही गं. त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त समजलं होतं. चित्र काढतो आपण, पण बघणारा दुसराच असतो, आधी त्याच्या डोळ्यांनी बघा, असं मॅडम घसा कोरडा करून सांगायच्या. आपण ते वहीत उतरवून घेतलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. परवा प्रेमिलाकाकू स्टुडिओत आल्या, काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर तुझं चित्र. मला वाटलं होतं बाबांनी ते कधीच चुलीत घातलं असेल. त्यांनी ते माळ्यावर जपून ठेवलं होतं. काकू सांगत होत्या, तुझा फोन आला की ते अंगणात निघून जायचे आणि कुडाआड उभं राहून सगळं ऐकायचे. आणि दर सणाला एकच म्हणायचे, "रिती आली का डोरे उघडून घेऊ, मंग टांगू." ताप चढला तेव्हाही तेच म्हणाले. राग होता, पण एवढाच होता.

काकू मलाच डोळे उघडायला सांगतील असं वाटून मी खोडरबर हातात घेतलंसुद्धा. "तू नोको," म्हणाल्या, "तिनं मिटले, तीच उघडन." मला आधी राग आला, मग आम्ही दोघी काउंटरवरच रडत बसलो. रीता, तू त्यावर चित्र पक्कं करायचा स्प्रे मारलाच नव्हतास, मॅडमची बोलणी खाऊनही कधी मारायची नाहीस. कोळसा अजून कच्चा आहे, पुसला की निघतो. तुझ्या मोबाइलात त्यांचा उघड्या डोळ्यांचा एखादा फोटो असेलच, तो पाठवू नकोस. मी डोळे काढीन, पण ते कोणाचेही होतील. बाबा तुझ्याकडे कसे बघायचे, हे मला नाही माहीत. अक्षयतृतीयेला काकू त्यांच्या नावानं घागर भरणार आहेत, त्याच्या आधी ये. मिथुननं ओसरीच्या भिंतीत खिळा ठोकून ठेवला आहे.

तुझीच,
निशात