ओली पट्टी

ब्रूज, शुक्रवार

प्रिय वान्नेस,

बाबा जिवंत आहेत, हे आधी सांगते. घाबरायचं काम सध्या मी एकटीच करतेय.

त्यांच्या पलंगामागच्या भिंतीला भेग पडलीय. तीच, कालव्याकडची, पाचशे वर्षांची भिंत. बाबांनी गवंड्यांच्या रीतीने भेगेवर आडवी प्लास्टरची पट्टी थापली. तिला ते साक्षीदार म्हणतात, तुला आठवत असेल. भिंत हलली की पट्टी तडकते. "बघ, अखंड आहे. उगाच माझा जीव खाऊ नकोस," म्हणाले. मी रोज बघायची आणि निवांत दुकानात जायची.

सोमवारी सकाळी सहज हात लावला, तर पट्टी ओली! अरे, बाबा रोज पहाटे तडकलेली पट्टी खरवडून नवी थापत होते. जन्मभर या गावातले मनोरे सांधणारा माणूस!

तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मनोऱ्यावरच्या घंटा वाजल्या तरी मी आधी भिंतीकडे बघते. खालून बोटी जातात, आणि तो स्टाफ नावाचा नावाडी पाहुण्यांना कर्ण्यावरून सांगतो, "बघा मंडळी, हे घर तुमच्या स्वागताला कसं वाकलंय!" लोक हसतात, फोटो काढतात. मेल्याला कालव्यात ढकलावंसं वाटतं.

घर सोडा म्हणून रडून झालं, ओरडून झालं. पालिकेला कळवलं तर बाबा आतून कडी लावून बसतील. शेवटी माझा पलंग त्यांच्या खोलीत नेला. म्हटलं, माझ्या जिवासाठी तरी हलतील. तर मला भिंतीपासून लांबची जागा दिली, वर स्वतःचं पांघरूण घातलं आणि म्हणाले, "खिडकीतून गार वारा येतो गं."

काल मात्र माझा तोल सुटला. कुणासाठी बसलाय इथं, म्हणून किंचाळले. सूपात पाव बुडवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वान्नेसला मीच दाराबाहेर काढलं ना? तो आला आणि कुलूप दिसलं तर?" दारावर चिठ्ठी लावू म्हटलं. "चिठ्ठी वाचायला थांबणारा आहे का तो? माझ्यावरच गेलाय."

वान्नेस, तुझा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. माफ करू नकोस हवं तर. पण ये आणि दार वाजव. तुला दार उघडायला तरी ते त्या भिंतीखालून उठतील. मग हाताला धरून रस्त्यावर आण आणि तिथं खुशाल भांडा दोघं. पण लवकर ये रे. आजची पट्टी वाळायच्या आतच तडकलीय.

तुझी वाट बघणारी तुझी बहीण,
हिल्दे