पाठमोऱ्या माणसाचं चित्र

प्रिय बाबा,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमचं ते भुतांचं दुकान उघडतंय कधी?" आणि मी हसून विषय बदलला. दुकान म्हणालात ते बरोबरच आहे. आमचा गेम तयार होऊन बसलाय, पण ऑनलाइन दुकानातलं त्याचं पान अजून उघडलेलं नाही. मी का टाळलं ते सांगायचंय, पण त्याआधी हे पान म्हणजे काय ते सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगी नेहमीसारखी मधूनच सुरू झाली.

त्या दुकानात हजारो गेम रांगेत लावलेले असतात. प्रत्येकाच्या वाट्याला पोस्टाच्या तिकिटाएवढं एक चित्र. माणसं बोटाने ती रांग सरकवत जातात. बोट थांबलं तर पान उघडतं, मग दोन ओळी मजकूर, गेममधली चार-पाच दृश्यं. बोट थांबलं नाही तर तुम्ही आत काय बांधून ठेवलंय याचा कुणाला पत्ताही लागत नाही. गोगलगाय (आमचा प्रोग्रॅमर, एकदा घरी येऊन गेलाय, तुम्ही त्याला "जेवतोही सावकाश" म्हणाला होतात) आणि मी, आम्ही दोघांनी या गेममध्ये स्वतःला झोकून दिलंय. तो चालला नाही तर गोगलगाय परत बँकेच्या हिशोबांचे प्रोग्रॅम लिहायला जाणार आहे. तसं तो बोलत नाही, पण हल्ली जुन्या साहेबांचे फोन उचलतो.

मी पहिलं चित्र काढलं ते तुम्ही पाहिलं असतंत तर माझे कान धरले असतेत. काळाकुट्ट बोळ, त्यात एक तोंड, तोंडात दात, आणि नावाच्या अक्षरांतून रक्त ठिबकतंय. मोठ्या स्क्रीनवर मला स्वतःलाच दचकायला झालं. मग गोगलगायीने ते तिकिटाएवढं करून समोर ठेवलं आणि विचारलं, "हे वांगं आहे का?" खरंच वांग्यासारखं दिसत होतं. अक्षरं तर वाचताच येईनात.

आमची खोली एका दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. डॉक्टरबाईंशी जिन्यात ओळख झाली होती. मी म्हटलं, तुमच्या पेशंटना बाहेर बसल्या बसल्या काही चित्रं दाखवू का? त्या म्हणाल्या, "आधीच घाबरलेत, त्यात तुमची भर. पण दाखवा, तेवढाच त्यांचा वेळ जाईल." मग आम्ही इतर गेमच्या चित्रांमध्ये आमचं एक घुसवायचो, लोकांच्या हातात टॅब्लेट द्यायचो आणि त्यांचं बोट कुठे थांबतं ते बघत बसायचो. बाबा, मला इतकी मजा कशातच आली नव्हती. गाल सुजलेली एक बाई माझ्या दातांवरून सरळ पुढे गेली. मी विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "हे दिसलं की कळलं. त्यात बघण्यासारखं काय उरलं?" मी ते वाक्य घेऊन वर गेले. म्हणजे भीती दाखवायची नसते. काहीतरी दाखवायचं, आणि त्याच्या शेजारची जागा बघणाऱ्यासाठी मोकळी सोडायची. पण ती जागा नेमकी केवढी?

मजकुराचंही तेच झालं. आम्ही लिहिलं होतं, "अंगावर काटा आणणारा, थरारक, न विसरता येणारा अनुभव." वाचून एकालाही सांगता येईना की या गेममध्ये करायचं काय असतं. तेव्हा मी दवाखान्यात बसून डॉक्टरबाई पेशंटशी कसं बोलतात ते ऐकू लागले. त्या कधीच "खूप दुखेल" म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "आता जरा गार लागेल." आणि पेशंट खुर्चीचे हात घट्ट धरतो. मी वर आले, सगळी विशेषणं पुसली आणि लिहिलं: "घरातले सगळे गेले. जेवायची वेळ झालीय. चार ताटं मांडा." गोगलगायीने वाचलं आणि विचारलं, "गेले म्हणजे बाहेर गेले की वारले?" मी म्हटलं, तेच तर.

चित्र मात्र काही केल्या जमेना. एका दुपारी वैतागून मी काळा रंग बाजूलाच ठेवला आणि भर उजेडातलं स्वयंपाकघर काढलं. सिंकपाशी एक माणूस, आपल्याकडे पाठ करून. बाह्या दुमडलेल्या, खांद्यावर टॉवेल, नळ चालू. बस्स. लहान केलं तरी ते नीट दिसत होतं: उजळ चौकोन आणि त्यात एक पाठ. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जवळजवळ प्रत्येकाचं बोट तिथे थांबलं. "हा काय बघतोय?" असं सगळ्यांनी विचारलं. एक आजोबा म्हणाले, "वळू नये त्याने." दाताला तार लावलेली एक मुलगी म्हणाली की मला भीती नाही वाटत, त्याला हाक मारावीशी वाटते. गोगलगायीने तिकिटाएवढं चित्र नाकाजवळ धरलं आणि विचारलं, "हे तुझे बाबा ना?"

मी नाही म्हटलं. मग बघितलं. डावा खांदा जरा खाली उतरलेला, ऑफिसात नकाशे काढायच्या टेबलावर वर्षानुवर्षं वाकून झाला तसा. मानेवर कॉलरबाहेर आलेले केस. ते तुम्हीच आहात, बाबा. चार ताटं कुठून आली तेही तुम्हाला सांगायला नको. आई गेल्यावर कितीतरी दिवस मी सवयीने चार मांडायचे आणि तुम्ही काही न बोलता एक उचलून जागेवर ठेवायचात. "आई गेली" एवढंच दादाने शाळेत सांगितलं होतं, आठवतं? मुख्याध्यापक भेटायला आले, बिचारे खाली मान घालून बसले, म्हणाले की धीर धरा, मुलांकडे बघा. तुम्ही त्यांना पाणी दिलंत, सगळं ऐकून घेतलंत, आणि ती दुसऱ्या गावी राहायला गेलीय, धडधाकट आहे, हे काही सांगितलं नाहीत. ते गेल्यावर आम्हाला हसू आवरेना. तुम्हीही हसलात. मग आत गेलात आणि नळ सोडलात. धुवायचा पेला एकच होता. नळ बराच वेळ चालू होता.

पान पुढच्या आठवड्यात उघडायचंय. तुम्ही नको म्हणालात तर हे चित्र निघेल. दुसरं तयार आहे, बरं आहे, गोगलगायीलाही मी सांगून ठेवलंय. पण नुसती परवानगी हवी असती तर ती मी फोनवर मागितली असती. अडचण वेगळीच आहे. चित्र बघून आलेला माणूस गेममध्ये त्या स्वयंपाकघरात येणार आणि पाठमोऱ्या माणसाला हाक मारणार, मारणारच. त्यानंतर काय होतं ते गोगलगायीला आता नव्याने लिहायचंय आणि तो रोज मला विचारतो. मला सांगता येत नाही. आई गेल्यानंतरच्या त्या सगळ्या महिन्यांत मी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायचे, तुमच्या पाठीकडे बघायचे, आणि हाक न मारता परत जायचे. मला वाटायचं, तुम्ही वळलात तर तुमचा चेहरा मला ओळखू येणार नाही. आता इतक्या अनोळखी माणसांनी मला विचारलं की हा काय बघतोय, आणि घरातल्या कुणीच तुम्हाला ते विचारलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं. गेमचं आम्ही काहीतरी जुळवू. तुम्ही मला फक्त एवढंच सांगा, बाबा: मी दारात उभी आहे, हे तुम्हाला कळत होतं का?

तुमचीच,
धाकटी