पुलावरच्या फोटोंची वाटणी

मी, खाली सही करणारी, कारखान्यांकडे जाणाऱ्या पुलाच्या तोंडाशी राहणारी, सगळ्यांची फोटोवाली मावशी. डोक्याने ठणठणीत आहे, गुडघ्यांनी नाही. मृत्युपत्राला डोके पुरते, असे वकीलबाई म्हणतात. हे लिहायला मला कुणी भरीस घातलेले नाही. उलट लिहू नये म्हणून घरच्यांनी जंग जंग पछाडले.

१. राहते घर चिरंजीवांना. छप्पर गळते, तेही त्यांनाच. बँकेतली ठेव सूनबाईंना, कारण आजारपणात औषध वेळेवर तिनेच दिले आणि कधी बोलून दाखवले नाही.

२. कॅमेरा वेल्डरबाईंच्या मुलीला. तिचा हात स्थिर आहे आणि ती कुणाला “हसा” म्हणत नाही. माझ्या धाकट्या बंधूंनी त्यावर डोळा ठेवू नये. “बाईमाणसाने भल्या सकाळी पुलावर उभे राहून काय दिवे लावायचेत?” असे त्यांनी चारचौघांत विचारले होते. त्यांना कॅमेऱ्याची तिपाई द्यावी. न बोलता उभे कसे राहायचे, ते तिच्याकडून शिकता येईल.

३. आता निगेटिव्ह. उभ्या आयुष्यात मी कामावर निघालेली माणसे टिपली. परतणारी कधीच नाही. पहिल्याच आठवड्यात भट्टीवाल्यांनी बजावले होते, “ताई, जाताना काढा. भांग पाडलेला असतो. येताना आमचं आम्हालाच आरशात बघवत नाही.” तो शब्द मी पाळला. दुसरा नियम माझा स्वतःचा. फोटो आधी ज्याचा त्याला दाखवायचा. नको म्हणाला तर फाडायचा. माणूस हयात नसेल तर त्याच्या घरच्यांना विचारायचे.

कारखाने पाडून तिथे उंच इमारती होत आहेत. बिल्डरला दाराशी लावायला ‘जुन्या काळाची गंमत’ हवी आहे. चिरंजीव मला म्हणाले, “आई, चांगले पैसे देतायत. आणि त्या लोकांना कुठे कळणारे?” मला ते फार लागले. म्हणून स्पष्ट लिहिते: सर्व निगेटिव्ह कामगारांच्या वाचनालयाला द्याव्यात. चिरंजीवांनी एकही परस्पर विकली, तर कलम १ मधले घरही वाचनालयाचे. यावर रडारड, मध्यस्थी, मामांना बोलावणे, काही चालणार नाही.

४. अपवाद एकाच निगेटिव्हचा. बिल्डरला दाखवायला चिरंजीवांनी स्वतः निवडलेला फोटो, धुक्यातल्या सायकलींचा. “गर्दी मस्त आलीय,” म्हणाले होते.

इथे वकीलबाईंची भाषा बाजूला ठेवते. बाळा, त्या गर्दीत पुढे एक माणूस सायकल हाताने ढकलत चालला आहे. कानाला मफलर आहे, आणि कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारतो आहे. ते तुझे बाबा. तू पाळण्यात असताना ते गेले. भिंतीवरच्या कोटातल्या फोटोवरून तुला ते कसे ओळखू येणार? तू तो निवडलास त्याच दिवशी सांगणार होते, पण रागात सांगायची ती गोष्ट नव्हती.

ही निगेटिव्ह तुझी. विकायची तर वीक, घर जाणार नाही. फक्त माझा नियम इथेही लागू आहे. माणूस हयात नाही, तेव्हा घरच्यांना विचारावे लागेल. मी गेल्यावर त्यांच्या घरचा तू एकटाच उरतोस.

वरील मजकूर वाचून घेतला, एक शब्दही बदलायचा नाही.

सही: फोटोवाली मावशी
साक्षीदार: १) पुलावरचा चहावाला २) निवृत्त बसकंडक्टर
स्थळ: राहते घर, पुलाजवळ
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्याप्रमाणे